शेवटचं काय बदललं?

हेडाऊकाका फोन उचलला की आधी बोलायचेच नाहीत. आपण इकडून "हॅलो, हॅलो" करत राहायचं आणि तिकडून नुसता श्वास ऐकू यायचा. ते लाईन तपासत असायचे. खरखर आहे का, आवाज घुमतो का, मध्येच तुटतो का, हे सगळं ऐकून मनासारखं झालं की मग म्हणायचे, "हां, बोल वं सुषमा." मोबाईलच्या जमान्यात लाईन कसली नि खरखर कसली! पण सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती. जमिनीखालच्या केबलमध्ये बिघाड नेमका कुठे आहे ते शोधून काढायचं, हेच त्यांचं काम. नोकरी संपली, खातं बदललं, केबली मातीत तशाच राहिल्या, पण काकांची शोधायची खोड काही गेली नाही.

नागपूरच्या मनीषनगरमध्ये आमचे फ्लॅट समोरासमोर होते. मी सीताबर्डीला एका चष्म्याच्या दुकानात काम करते. एकटी राहते. एकट्या बाईला कामं नसतात असा बिल्डिंगमधल्या लोकांचा पक्का समज असल्यामुळे कोणाचं कुरिअर घेणं, कोणाच्या झाडांना पाणी घालणं हे माझ्याकडे आपोआप आलेलं. काका आणि विमलकाकूंनी मात्र मला रिकामी समजून कामाला लावलं नाही, घरातली समजून लावलं. फरक एवढाच की काकूंच्या घरून काम झाल्यावर तर्रीपोहे मिळायचे.

काकांचा एक प्रश्न सगळ्या बिल्डिंगला पाठ होता. काहीही बिघडलं की ते हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि विचारायचे, "शेवटचं काय बदललं?"

एकदा पाण्याची मोटर रोज सकाळी बंद पडायला लागली. इलेक्ट्रिशियन दोनदा येऊन गेला. काकांनी चौकीदाराला बोलावलं. "मोटर चांगली होती न गा? मग बिघडायच्या आधी शेवटचं काय बदललं?" चौकीदार म्हणाला, काहीच नाही. काका म्हणाले, "काही नाही असं नसते. आपोआप काही होत नाही." अर्धा तास त्याची उलटतपासणी झाली. शेवटी निघालं ते असं, की चौकीदाराच्या बायकोनं कपडे वाळत घालायची दोरी खांबावरून काढून मोटरच्या डब्याला बांधली होती आणि ओल्या कपड्यांचं पाणी रात्रभर डब्यात उतरत होतं. दोरी सोडली, मोटर चालू. त्यानंतर महिनाभर काका पार्किंगमधून जरा छाती काढून चालत होते.

माझा खोकला जाईना तेव्हाही त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी चिडले. म्हटलं, "काका, मी काही मोटर नाही." ते म्हणाले, "माणसाचंही तेच राहते. सांग." काहीतरी सांगायचं म्हणून मी सांगितलं की नवी उशी घेतली आहे. त्यांनी लगेच ती मागवून घेतली, शिवण उसवून कापूस चिमटीत धरला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "हा कापूस नाही, कचरा आहे." त्यांचे वडील उमरेडला मागावर बसायचे, त्यामुळे कापसाच्या बाबतीत ते कोणाचं ऐकून घेत नसत. उशी फेकली. खोकला गेला नाही. तो पुढे डॉक्टरच्या औषधानं गेला, पण काकांनी श्रेय उशीला दिलं.

म्हणजे चुकायचेही. बरेचदा चुकायचे. त्यांनी दुरुस्त केलेल्या मिक्सरनं एकदा स्वयंपाकघराच्या छतापर्यंत चटणी उडवली होती. काकूंनी तेव्हापासून नियमच केला होता. मी एखाद्या वस्तूला हात लावायला गेले की त्या म्हणायच्या, "यायनं दुरुस्त केली आहे ते. दुरूनच पाहा." काका हे ऐकून हसायचे. रागवायचे नाहीत. त्यांचं एक मत होतं की चुकीचं उत्तर म्हणजे एक वायर तपासून झाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फरक पाहायचा, नाही पडला तर पूर्ववत करून पुढची. घाई करायची नाही.

त्यांच्याकडे एक जुनी पांढरी पेट्रोल गाडी होती. पंचविशी कधीच ओलांडलेली. नव्या गाड्यांसारखं तिच्यात काही कॉम्प्युटर वगैरे नव्हतं. बोनट उघडलं की सगळं दिसायचं, आणि काकांना म्हणूनच ती आवडायची. दसऱ्याला काकू तिला हार घालायच्या, चाकाखाली लिंबू ठेवायच्या, आणि सोन्याची पानं वर्षभर काचेपाशी वाळत पडायची. मुलगा अभय बेंगळुरूला होता. तो दर दिवाळीला म्हणायचा, बाबा, ही विका, मी नवी घेऊन देतो. काका म्हणायचे, "चालून राहिली न?"

मग काकूंना कॅन्सर निघाला.

दवाखाना कामठी रोडला, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. केमोसाठी जाणं-येणं गाडीनंच. काकूंना रिक्षात बसवत नसे. औषधं सुरू झाली आणि त्यांना वास सहन होईनासे झाले. फोडणीचा वास, उदबत्तीचा वास, माझ्या अंगाला लावलेल्या पावडरचा वास. आणि गाडीत पेट्रोलचा. टाकीच्या झाकणाचं रबर जुनं होऊन तडकलं होतं. मागच्या सीटवर बसलं की वास यायचा. आम्हाला जेमतेम जाणवायचा, काकूंना मात्र दवाखान्याच्या आधीच दोनदा उलटी व्हायची. खिडकी उघडी ठेवावी तर धुळीनं खोकला आणि गार वाऱ्यानं हुडहुडी.

काकांनी त्या झाकणासाठी अख्खं नागपूर पालथं घातलं. इतक्या जुन्या गाडीचं झाकण कोण ठेवतो? एक मिळालं ते बसेना. शेवटी त्यांनी स्वतःच उपाय केला. दुधाची जाड पिशवी धुऊन वाळवली, कात्रीनं गोल कापली, दुहेरी केली, ती टाकीच्या तोंडावर ताणून बसवली, वर सायकलच्या ट्यूबची रिंग आणि त्यावर झाकण दाबून फिरवलं. काकूंना मागे बसवलं, काचा बंद केल्या आणि गाडीला बाहेरून दोन प्रदक्षिणा घातल्या. काकूंनी आतून मान हलवली. वास येत नव्हता.

त्या दिवशी काका इतके खूश होते की मी दुकानातून थकून आले तर मला पार्किंगमध्येच अडवलं. "घे, वास घे."

"काका, मी पेट्रोलच्या टाकीचा वास घेऊ?"

"घे म्हटलं न."

मी पर्स खांद्याला लावून टाकीला नाक लावलं. खरंच काही येत नव्हतं. वरून काकू गॅलरीतून म्हणाल्या, "सुषमा, यायनं सगळ्या बिल्डिंगले हुंगवलं वं. आता तूच राहिली होती."

तेव्हापासून त्या पिशवीच्या पन्नीला ते जिवापाड जपायचे. पेट्रोल पंपावर दुसऱ्या कोणाला झाकणाला हात लावू द्यायचे नाहीत. स्वतः उतरायचे, झाकण सैल करायचे. सुस्स असा लांब आवाज यायचा. मग माझ्याकडे किंवा पंपावरच्या माणसाकडे, जो कोणी समोर असेल त्याच्याकडे, बघून म्हणायचे, "ऐकलं? एवढीशी हवा इकडची तिकडं होत नाही." गाडी मिस्त्रीकडे द्यायची असली तर आधी पन्नी काढून घडी करून शर्टाच्या खिशात ठेवायचे. मिस्त्री फेकून देईल अशी भीती. गाडी परत आली की पुन्हा बसवायचे.

त्याच हिवाळ्यात गाडी चालता चालता बंद पडायला लागली.

तिची तऱ्हाच वेगळी होती. घरून निघाली की झकास. सीताबर्डीपर्यंत मला सोडलं तर काही नाही. लांब गेली की मात्र बोलता बोलता माणसाला डुलकी लागावी तशी मध्येच मंदावायची, एक-दोन आचके द्यायची आणि बंद. थोडा वेळ थांबलं की पुन्हा जशीच्या तशी सुरू. मिस्त्रीनं ती कितीही फिरवली तरी त्याच्याकडे एकदाही बंद पडली नाही. तो म्हणायचा, "साहेब, गाडी ठीक आहे, तुमचा वहम आहे." काका घरी येऊन म्हणायचे, "फॉल्ट जात नाही कुठी. लपते."

ते जोमानं शोधायला लागले. मला वाटतं, काकूंच्या आजारात त्यांना करता येण्यासारखं दुसरं काही नव्हतं. तिथे सगळं डॉक्टरांच्या हातात होतं. इथे निदान बोनट उघडता यायचं. कॉइल बदलली. चालली चार दिवस, मग पुन्हा तेच. प्लग बदलले. पेट्रोलचा पंप बदलला. मग त्यांच्या लक्षात आलं की पेट्रोल भरलं की त्यानंतर काही वेळ गाडी चांगली चालते. त्यावरून त्यांनी ठरवलं की टाकीच्या तळाशी गाळ असणार. पेट्रोल कमी झालं की गाळ नळीत ओढला जातो, भरलं की ढवळून बाजूला होतो. पटण्यासारखं होतं. त्यांनी टाकीच उतरवली, पार्किंगमध्ये दिवसभर धुतली, उन्हात वाळवली, परत चढवली. सगळं नीट जागच्या जागी. पन्नीसुद्धा.

एकदा केमोला मीही बरोबर होते. दवाखाना अजून बराच लांब असताना गाडीनं आचका दिला आणि रस्त्याच्या कडेला कशीबशी येऊन थांबली. काका उतरले, बोनट वर. मागून ट्रक भोंगे वाजवत होते. मला घाम फुटला. काकूंनी शांतपणे पायाजवळची पिशवी उचलली, मांडीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मेथीची जुडी काढली.

"काकू, हे काय?"

"आता सवय झाली न वं. मी निघतानाच घेऊन ठेवते. गाडी थांबली की निवडून होते." त्यांनी अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवली. "त्यायले घाई केली की ते बावरतात. पाहू दे त्यायले."

मग खिडकीची काच बोटभर खाली करून त्यांनी हाक दिली, "सापडलं का हो?"

"सापडते," काका बोनटमागून म्हणाले.

"सापडवा. मी बसली आहे."

मला त्यांचा संसार विचारला तर मी एवढंच सांगेन. एक बोनटमध्ये डोकं घालून आणि एक मागे मेथी निवडत.

त्यानंतरचं मला काकांकडूनच कळलं, कारण त्या दिवशी मी दुकानात होते.

सकाळी काकूंना ताप भरला. दवाखान्यात फोन केला, त्यांनी ताबडतोब घेऊन या म्हणून सांगितलं. काका निघाले. कामठी रोडला गाडी बंद पडली. काकू मागच्या सीटवर, काचा बंद, शाल अंगाभोवती. काका म्हणाले, "दोन मिनिटं." आणि उतरले.

"असा समोर फॉल्ट कधीच येत नव्हता," काकांनी मला सांगितलं होतं. "बंद पडलेली गाडी, गरम इंजिन, सगळं उघडं माझ्यासमोर. मले वाटलं आज सापडते. प्लग काढला, ठिणगी पाहिली. वायर पाहिली. मी विसरलो, सुषमा. मागं कोण आहे ते विसरलो."

काकूंनी काच खाली करून विचारलं होतं, सापडलं का हो. ते म्हणाले होते, सापडते. पुढे त्यांनी विचारलं नाही. काकांनी मागे वळून पाहिलं तेव्हा त्या काचेला डोकं टेकून बसल्या होत्या आणि हाक मारली तरी ओ देत नव्हत्या. एका ऑटोवाल्यानं दोघांना दवाखान्यात नेलं. काकू त्यानंतर काही दिवस होत्या, पण नीट शुद्धीवर आल्या नाहीत. इन्फेक्शन सगळीकडे पसरलं होतं. डॉक्टरांनी काकांना जवळ बसवून सांगितलं की तासभर आधी आला असता तरी हेच झालं असतं. काकांनी ऐकून घेतलं. डॉक्टर खरं बोलत होते की बरं बोलत होते, ते मला आजही माहीत नाही.

काका रडले नाहीत. घाटावर नाही, घरी नाही. तेराव्याला माणसं जमली होती, जेवणं चालू होती, आणि मी पाहिलं तर काका नव्हते. खाली पार्किंगमध्ये गेले. ते गाडीच्या टपावर तळहात ठेवून उभे होते. त्यांचे वडील मागावरच्या सुतावरून असाच तळवा फिरवायचे, तुटलेला धागा हाताला लागायचा, असं ते सांगायचे. मला बघून म्हणाले, "ठिणगीचे पॉइंट बदलून पाहा लागते."

मला त्यांचा राग आला. खरंच आला. वर त्यांच्या बायकोचं तेरावं चाललं होतं.

अभय त्यांना न्यायला आला होता. त्यानं दोन दिवस समजूत घातली. "बाबा, गाडी भंगारात द्या आणि चला." काकांचं एकच. "बिघडलेली गाडी कोणाले द्यायची नसते. भंगारात द्यायची तर ती चालते. फॉल्ट सापडला की विकतो, मग येतो."

"आणि नाही सापडला तर?"

जाताना अभय माझ्या दारात उभा राहिला. म्हणाला, "ताई, लक्ष ठेवा. ते जेवत नाहीत नीट. फोनवर नुसते गाडीचंच बोलतात. आई गेली हे एकदासुद्धा बोलले नाहीत माझ्याजवळ." त्याचेही डोळे कोरडेच होते. आम्हा सगळ्यांनाच काय झालं होतं कुणास ठाऊक.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. माझ्या सुट्टीच्या दिवशी काका दार वाजवायचे. "चालतेस?" मी निघायचे. पुढे बसायला गेले तर म्हणाले, "मागं बस. डावीकडं. सगळं त्या दिवशीसारखं पाहिजे." काच खाली करायला गेले तर, "बंद ठेव. ती बंद ठेवायची."

कामठीपर्यंत जायचं, वळायचं, परत यायचं. बोलणं नाही. काकांच्या चेहऱ्यावर काहीच नसायचं, दुःखसुद्धा नाही. हजामत केलेली, शर्ट इस्त्रीचा, डोळे रस्त्यावर, कान इंजिनाकडे. हळूहळू मलाही काही वाटेनासं झालं. काकूंच्या जागेवर बसायचं, बाहेर धावणारी दुकानं, ढाबे, मिलिटरीच्या भिंती बघायच्या. गाडी बंद पडली तर थांबायचं, नाही पडली तर घरी यायचं. घरी येऊन मी दाराला कुलूप लावायचे आणि कपडे न बदलता तशीच बसून राहायचे. पॉइंट बदलून झाले. पेट्रोलच्या नळ्या बदलून झाल्या. थंडी गेली.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. कामठी जवळ आली होती. गाडीनं आचका दिला आणि थांबली. काका उतरले, बोनट उघडलं, पंपापाशी नळी सोडवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चावी फिरव." मी पुढे वाकून फिरवली. काही नाही.

"पेट्रोलच येऊन नाही राहिलं," ते म्हणाले.

"टाकीत आहे न?"

काट्यावर अर्धी टाकी दाखवत होती. पण काकांचा काट्यावर विश्वास नव्हता. डोळ्यांनी पाहावं म्हणून ते मागे गेले आणि त्यांनी झाकण फिरवलं.

सुस्स.

पेट्रोल पंपावर यायचा त्याच्या कितीतरी पट लांब. मी आत बसले होते, मलाही ऐकू आला. पाठोपाठ टाकीचा पत्रा टण्ण वाजला. दबलेला डबा पूर्ववत व्हावा तसा. मग सगळं शांत.

मी वळून पाहिलं. काका झाकण हातात धरून उभे होते. आज ते कोणाकडे बघून काही म्हणाले नाहीत. मग पुढे आले, नळी जोडली, बसले, चावी फिरवली. गाडी थोडी कुरकुरली आणि सुरू झाली.

दुसरा कोणी असता तर तिथेच समजून चुकला असता. काकांनी पन्नी परत बसवली. रिंग लावली, झाकण दाबून फिरवलं आणि गाडी पुढे काढली. कामठी मागे पडली. मी विचारलं, "काका, कुठं?" ते बंद पडेपर्यंत चालवत राहिले. बंद पडली तसे उतरले, बोनटला हातसुद्धा न लावता मागे गेले, झाकण सैल केलं. सुस्स. आले, चावी फिरवली. सुरू.

मग त्यांनी पन्नी काढली, झटकली, चार घड्या केल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवली. नुसतं झाकण लावलं. गाडी वळवली. परतीच्या सबंध रस्त्यात ती एकदाही थांबली नाही. पेट्रोलचा वास मागच्या सीटवर यायला लागला.

घर जवळ आल्यावर ते म्हणाले, "टाकीतलं पेट्रोल कमी होते तशी आत हवा जावी लागते. नाही गेली तर टाकी पेट्रोल सोडत नाही. लहान पोट्ट्यालेही कळते हे." मग म्हणाले, "शेवटचं काय बदललं, हे मी कोणाकोणाले नाही विचारलं."

"काका, ते तुम्ही काकूंसाठीच केलं होतं."

"हो न. म्हणून तर नाही दिसलं."

त्यांचा आवाज हलला नाही. मी रडले नाही. रडायला हवं होतं असं मला वाटत होतं आणि येत नव्हतं. पार्किंगमध्ये गाडी लावून त्यांनी इंजिन बंद केलं आणि आरशातून मागे पाहिलं.

"वास येते का वं?"

"येते," मी म्हटलं.

ते मान हलवत राहिले. आम्ही तसेच बराच वेळ काचा बंद करून बसलो होतो.

त्या रात्री त्यांनी अभयला फोन केला. अभयनं मला नंतर सांगितलं की बाबा पहिल्यांदाच लाईन न तपासता बोलले. म्हणाले, "सापडलं. मीच बंद पाडली होती." आणि मग कितीतरी वेळ काही ऐकू आलं नाही. अभयला आधी वाटलं फोन कट झाला. मग त्याला कळलं की बाबा रडत आहेत. त्यानं फोन ठेवला नाही.

गाडी एका कामठीच्याच माणसानं घेतली. त्याची बायको आणि तो, दोघं आले होते. बायको पोटुशी होती, मागच्या सीटवर डावीकडे बसली. अभय वर सामान बांधत होता. दुसऱ्या दिवशी काका त्याच्याबरोबर बेंगळुरूला जाणार होते. मी गॅलरीत उभी होते.

काकांनी त्या माणसाला सगळं दाखवलं. चोक किती ओढायचा, पावसाळ्यात काय करायचं, कोणता दरवाजा जोरात लावावा लागतो. ते चांगलंच लांबलं. तो बिचारा हो काका, हो काका करत होता. शेवटी ते त्याला मागे घेऊन गेले. कुठूनतरी जुन्या बाजारातून झाकण मिळवलं होतं, तेही काही अगदी घट्ट बसत नव्हतं.

"याच्या खाली काही लावू नका," काका म्हणाले. "काहीच नाही. थोडा वास येईन. येऊ द्या."

मग ते पुढे झाले. मागच्या खिडकीपाशी वाकले आणि आतल्या बाईला म्हणाले, "वास येऊन राहिला का बाई?"

ती लाजून म्हणाली, "थोडासा."

"मग काच उघडी ठेवा. थंडी वाजली तर शाल घ्या. पण काच उघडी ठेवा."

तिनं काच खाली केली. तिला वाटलं आता झालं, पण काका जागचे हलले नाहीत. तिनं आणखी खाली केली. पूर्ण खाली गेल्यावर मग ते बाजूला झाले आणि त्यांनी गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली, जा म्हणून.